कुऱ्हाड कुठाय?

दिवेआगरात खोली शोधत मी सरांच्या अंगणात पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. मी आपली आईनं शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली, "नमस्कार. किती सुंदर घर आहे हो तुमचं! आणि अंगण तर किती स्वच्छ!" पडवीत सुपारी कातरत बसलेल्या त्या उंच, हडकुळ्या म्हाताऱ्यानं अडकित्ता खाली ठेवला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "कुऱ्हाड कुठाय?"

मी सोलापूरकडची. आमच्याकडे कुऱ्हाडीची चौकशी झाली की बायकामाणसं पोरांना घरात घेतात. मी जरा मागं सरकले आणि फाटकाची कडी उघडीच आहे ना, ते बघून घेतलं.

"घाबरू नका," ते म्हणाले. "माणूस आल्या आल्या कौतुक करायला लागला की त्यानं पाठीमागे कुऱ्हाड धरलेली असते. ती आधी पुढे ठेवा, म्हणजे नीट बोलता येईल. काय हवंय?"

"खोली. भाड्यानं. बोर्लीच्या शाळेत नेमणूक झालीय."

"विषय?"

"गणित."

"तरीच. इंग्रजीच्या असतात तर मी काय म्हणालो ते लगेच कळलं असतं. या, आत या. चहात साखर किती?"

खोली मिळाली, आणि चहाबरोबर वाक्प्रचाराचा तासही मिळाला. सर इंग्रजीचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते फक्त शाळेच्या दृष्टीनं. त्यांच्या दृष्टीनं दिवेआगर ते बोर्ली पंचतन हा सगळा टापू म्हणजे एकच वर्ग होता आणि वर्गाचा पाया कच्चा होता.

कुऱ्हाडीची ती गोष्ट मी पुढे इतक्या वेळा ऐकली की आता त्यांच्या आवाजातच आठवते. परदेशातली थंडीची सकाळ. एक मुलगा शाळेला निघालाय. खांद्यावर कुऱ्हाड टाकलेला एक गृहस्थ त्याला थांबवतो. "काय रे राजा, तुझ्या वडिलांकडे धारेचा दगड आहे ना? वा, काय चुणचुणीत मुलगा आहेस! एवढा शहाणा मुलगा मी बघितला नाही. जरा माझ्या कुऱ्हाडीला धार लावून देतोस?" मुलगा फुगतो. पाणी आणतो, दगड फिरवायला लागतो. कुऱ्हाड नवीकोरी, धार काही लागता लागत नाही. हाताला फोड येतात. शेवटी एकदाची धार लागते, इतक्यात शाळेची घंटा होते, आणि गृहस्थ डोळे वटारून म्हणतात, "काय रे आळशा, शाळा बुडवतोस? पळ!" शाबासकी नाही, आभार नाहीत. "म्हणून," असं म्हणून सर एक बोट वर करायचे, "गोड बोलण्याच्या मागे स्वतःचा हेतू लपवून ठेवणाऱ्या माणसाबद्दल इंग्रज म्हणतो, ही हॅज ॲन ॲक्स टू ग्राइंड. ह्याला आपली कुऱ्हाड पाजळून घ्यायचीय."

एवढ्यावर तास संपत नसे. ही गोष्ट लोक एका फार थोर अमेरिकन माणसाच्या नावावर सांगतात, पण लिहिली होती एका लहानशा वर्तमानपत्रवाल्यानं, हे ते अगदी खाजगी बातमी असल्यासारखं सांगत. "बघा, गोष्टसुद्धा मोठ्याच्या नावावर खपली. बिचाऱ्यानं दगड फिरवला आणि धार दुसऱ्याला." शिवाय हल्ली काही जण या वाक्प्रचाराचा अर्थ 'जुना राग असणे' असा करतात, ते त्यांना बिलकूल मान्य नव्हतं. "राग उघड असतो हो, बाई. कुऱ्हाड लपवलेली असते. दोन्ही एक कसे?"

शिक्षिका म्हणून ते मला 'बाई' म्हणत, आणि तेही अशा स्वरात की माझी दैनंदिनी तपासायला मागतील असं वाटावं.

त्यांच्या शिकवण्याच्या कथा बोर्लीच्या बाजारात अजून सांगतात. वस्तू दाखवल्याशिवाय वाक्प्रचार शिकवायचा नाही, असा त्यांचा नेम होता. गुपित फुटण्याबद्दल इंग्रजीत पिशवीतून मांजर सुटल्याची भाषा आहे, म्हणून त्यांनी वर्गात पोत्यातून खरंच मांजर आणलं. ते सुटलं, शिपायाच्या अंगावरून गेलं आणि मुख्याध्यापकांच्या टेबलाखाली जाऊन बसलं. त्याच गुपिताबद्दल इंग्रजीत कडधान्य सांडण्याचीही भाषा आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी पायलीभर वाल वर्गात सांडले. मुलांनी ते वेचून दिले, सरांच्या पत्नीनं भिजवून, मोड आणून, सोलून त्याचं बिरडं केलं आणि साऱ्या वर्गाला जेवायला बोलावलं. वाक्प्रचार मुलं विसरली असतील, बिरडं विसरलेली नाहीत.

धारेचा दगड त्यांनी कुऱ्हाडीच्या धड्यासाठीच कुठल्याशा भंगारवाल्याकडून आणला होता. लाकडी घोड्यावर बसवलेला गोल दगड, बाजूला फिरवायचा लोखंडी दांडा, खाली पाण्याची डोणी. टेम्पोत घालून तो शाळेत नेला आणि पुढे कोणी हलवेना म्हणून तिथंच राहिला. सर निवृत्त झाले तेव्हा शाळेनं शाल आणि नारळ दिला आणि दगडही घेऊन जा, असं सुचवलं. तेव्हापासून तो अंगणात, विहिरीशेजारी.

त्याचा खरा उपयोग सुरू झाला तो शेजारच्या चंद्राकाकूंमुळे. काकूंचे यजमान पोफळीवर चढून सुपारी उतरवायचे. काकू म्हणजे तोंडानं गोड आणि हातानं त्याहून गोड. सरांच्या पत्नी वारल्यावर, मूलबाळ नसलेल्या या माणसाला जेवणाचं कसं जमेल म्हणून त्या पहिल्यांदा घावनांची ताटली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमच्यासारखा देवमानूस गावात दुसरा न्हाय."

"कुऱ्हाड कुठाय?" सरांनी विचारलं.

"हाय की घरला. आनते," म्हणून काकू गेल्या आणि खरोखरीच कुऱ्हाड घेऊन आल्या. सर नुसते बघत राहिले. काकू म्हणाल्या, "मेली बोथट हाय जरा. तुमाला कशाला लागते?"

आता वाक्प्रचार समजावून सांगावा तर घावनं देणाऱ्या बाईला लबाड म्हटल्यासारखं होणार. सरांनी मुकाट्यानं कुऱ्हाड घेतली, डोणीत पाणी ओतलं, काकूंना पातं धरायला लावलं आणि स्वतः दांडा फिरवून धार लावून दिली. काकूंनी ती घरी नेऊन दाखवली. आठवड्याभरात आळीतले सगळे कोयते, विळ्या, कुऱ्हाडी सरांच्या अंगणात यायला लागल्या. मास्तर 'कुऱ्हाड कुठाय' म्हणून स्वतःहून विचारतात, कसा चांगला माणूस आहे, अशी त्यांची ख्याती झाली. त्यांनी ती दुरुस्त केली नाही. धार लावण्याबद्दल कोणाकडून काही घेतलंही नाही, मात्र दांडा कधी दुसऱ्याच्या हातात दिला नाही. "गोष्टीतल्या त्या मुलाचे हात दुखले ते पुरे," म्हणायचे.

इतरांच्या हेतूंवर एवढी नजर ठेवणारा हा माणूस स्वतःचा हेतू मात्र सूर्यप्रकाशात वाळत घालायचा. काही मागायचं असलं की सुरुवातच करायचे, "माझी कुऱ्हाड अशी." "माझी कुऱ्हाड अशी, बाई, तुम्ही बोर्लीला निघालाच आहात तर येताना पाव आणा." "माझी कुऱ्हाड अशी, आज मला एकट्यानं जेवायचा कंटाळा आलाय." मला आधी हसू यायचं. मग मीही तसंच बोलायला लागले. शाळेत एकदा मुख्याध्यापकांना रजा मागताना तोंडून "माझी कुऱ्हाड अशी" निघून गेलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "तुम्ही त्यांच्याकडे राहता काय?"

मला तो माणूस फार आवडायचा, हे सांगून टाकते. वैतागही तितकाच यायचा. कोणी भल्या मनानं दोन शब्द बोललं तरी त्यांचा चेहरा आधी सावध व्हायचा. माझी आई आली होती तेव्हा म्हणाली, "सर, माझ्या मुलीला तुम्ही लेकीसारखं ठेवलंत." तर हे म्हणाले, "भाडं कमी होणार नाही." आईला तो विनोद वाटला. मला ठाऊक होतं, तो विनोद नव्हता.

त्यांना एक भाऊ आहे, हे मला चंद्राकाकूंकडून कळलं. धाकटा, मधू नावाचा. खाडीपलीकडे आगरदांड्याला बायकोच्या माहेरच्या नारळाच्या आगरात राहून शेतीभाती बघायचा. दिघीला फेरीबोटीत बसलं की पलीकडे तेच. "पन गेल्या कित्येक वर्सांत न्हाय आले," काकू म्हणाल्या. "मास्तरांची आय गेली, तिचं दिवस झाल्यावर म्हैन्याभरानं परत आलेलं. वयनी होत्या तवा, त्यांनी चहा दिला. मधूभाव म्हनले, दादा, तब्बेत बरी दिसते तुझी, घर बी छान ठेवलंस. नि मास्तर काय म्हनले असतील?"

"कुऱ्हाड कुठाय," मी म्हणाले.

"तेच. मी शेजारी भाताचं पानी काढत होते, मला वाटलं खरीच कुऱ्हाड मागत्यात. मधूभावांनी कप तसाच खाली ठेवला. अर्धाच चहा प्यालेलं. चपला घातल्या नि निघून गेलं."

सरांना याबद्दल विचारायची माझी हिंमत नव्हती. पण एका रविवारी ते म्हणाले, "माझी कुऱ्हाड अशी, मला दिघीला जायचंय आणि सोबत हवीय." का, ते विचारू नका, असंही म्हणाले. आम्ही रिक्षानं गेलो. धक्क्यावर फेरीबोट लागलेली होती. मोटारसायकली चढत होत्या, एक भाजीचा टेम्पो मागं-पुढं करत होता. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायकांच्या मागोमाग ते बोटीवर चढले, कठड्याला धरून उभे राहिले, आणि बोटीची फळी वर घ्यायची वेळ आली तशी घाईघाईनं खाली उतरले.

"घरी दूध तापत ठेवलंय वाटतं," ते म्हणाले.

"दूध मी उतरवलंय," मी म्हणाले. माझा आवाज चढलाच. "सर, हे काय चाललंय?"

बोट निघाली. ते तिच्याकडे बघत बोलले. "घरामागची ही नारळ-पोफळीची वाडी आईच्या नावावर होती. ती गेल्यावर वाटणीचा विषय निघणार, असं मी धरूनच चाललो होतो. तो आला, गोड बोलला. मी विचारलं. तो गेला. त्या वर्षी त्यानं वाटणी मागितली नाही. म्हटलं, पुढच्या वर्षी मागेल. पुढच्या वर्षीही नाही. एकदा जरी मागितली असती ना, बाई, तरी मी बरोबर ठरलो असतो. त्याच्याकडे कुऱ्हाड नव्हती हो. तो मला बघायला आला होता."

"मग जाऊन तसं सांगा त्याला."

"आणि त्यानंच विचारलं, कुऱ्हाड कुठाय, तर काय दाखवू? माझ्याकडेही नाहीये."

"चुकलो म्हणा."

"सॉरी म्हणता येतं मला," ते म्हणाले. "मराठीत जमत नाही."

परतीच्या रिक्षात मी त्यांना बरंच सुनावलं. वयाचा मान वगैरे सगळा बाजूला ठेवून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोर्लीच्या नाक्यावर मला भजी खायला घातली. त्यानंतर ते आणखी एकदोनदा दिघीला गेले असावेत. सदरा इस्त्रीला जायचा, त्यावरून मी ओळखायची.

मग वादळ आलं. साथीच्या आजाराच्या भीतीनं शाळा बंद, गाड्या बंद, म्हणून मी सोलापूरला न जाता तिथंच अडकलेली. दिवसाढवळ्या आलं ते. माजघरात मी, सर आणि काकूंचं सगळं घर एकमेकांना धरून बसलो होतो आणि डोक्यावरची कौलं उडताना ऐकत होतो. वारा थांबल्यावर मागचं दार उघडलं तर वाडीच नव्हती. पोफळी मधोमध मोडलेल्या, माड मुळासकट आडवे, त्यांच्याखाली विहिरीची वाट गाडलेली. सर उंबऱ्यात उभे राहिले.

"आता वाटणी करायची म्हटली तरी कशाची?" ते म्हणाले, आणि पडवीत येऊन बसले. इतके म्हातारे ते मला आधी कधी दिसले नव्हते.

पण दुसऱ्या सकाळी फाटकाशी आवाज झाला. आळीतला एक जण हातात कुऱ्हाड घेऊन उभा होता. रस्त्यावर आडवे पडलेले माड तोडायचे होते आणि ओल्या माडाला धार टिकत नव्हती. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. वीज नाही, मोबाइल मुका, यंत्रं घेऊन येणारी माणसं अजून वाटेतच. गावाला तेव्हा एकच गोष्ट हवी होती, ती सरांच्या अंगणात होती. मी आणि काकूंनी दगडावरच्या फांद्या बाजूला केल्या. सर उठले, डोणीत पाणी घातलं आणि स्टुलावर बसून दांडा फिरवायला लागले.

त्या दिवसांत कोणी त्यांचं कौतुक केलं नाही. कोणाला वेळच नव्हता. लोक यायचे, पातं दगडावर धरायचे, धार लागली की निघायचे. सर मान वर करून माणूस बघायचे नाहीत, पातं तेवढं बघायचे. "पुढची," म्हणायचे. हातांना फोड आले, त्यावर मी फडकी बांधली. दांडा माझ्याकडे द्या म्हटलं तर ऐकायचे नाहीत.

फेरीबोट सुरू झाली म्हणून कोणी सांगत आलं, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवसाची गोष्ट. रांगेत तोंडाला रुमाल बांधलेला एक उंच, हडकुळा माणूस उभा होता. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. बगलेत गोणपाटात गुंडाळलेली कुऱ्हाड. चंद्राकाकूंनी त्याला पाहिलं आणि माझा दंड इतका घट्ट धरला की मी ओरडणारच होते.

त्याची पाळी आली. गोणपाट सोडून त्यानं कुऱ्हाड पुढे केली. सरांनी सवयीनं पात्यावरून अंगठा फिरवला आणि थांबले.

"ही आत्ताच धार लावलेली आहे," ते म्हणाले. "हिला आणखी काय करायचंय?"

माणूस जागचा हलला नाही. तेव्हा सरांनी मान वर केली.

त्यानं रुमाल खाली ओढला. "मग तुझ्या दारात बिनकुऱ्हाडीचा कसा येऊ, दादा?"

रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरली. आळीत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. सरांचे ओठ हलले. इंग्रजीतला तो शब्द तोंडाशी आला असावा, पण तो त्यांनी वापरला नाही. "मधू," ते म्हणाले, "मी त्या दिवशी..."

"हात बघ काय झालेत तुझे," मधूभाऊ म्हणाले. त्यांनी भावाच्या हाताखालून दांडा काढून घेतला, आणि सरांनी तो काढू दिला. "ऊठ. मी फिरवतो. तू चहा टाक. मागचा अर्धा राहिलाय माझा."

सर आत गेले. बराच वेळ झाला तरी चहा येईना म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावले. आधण उकळून उकळून आटत आलं होतं आणि साखरेचा डबा छातीशी धरून सर रडत होते, अगदी लहान मुलासारखे, नाक ओढत. मी आधणात पाणी वाढवलं. माझेही डोळे वाहत होते, कोणी कोणाला लपवायचं?

"साखर किती घेतो, विसरलो मी," ते म्हणाले.

बाहेरून काकूंचा आवाज आला, "दोन चमचे, मास्तर! नि जरा जास्त करा, आमी बी हाव!"

मधूभाऊ वाडीतले माड कापून होईपर्यंत राहिले. दोघं भाऊ फारसं बोलत नसत. एक ओंडके तोडायचा, दुसरा झावळ्या ओढायचा, आणि मधेच कोणीतरी म्हणायचं, हा माड आईनं लावलेला. मग दोघंही थोडं थांबायचे. जायच्या दिवशी मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि परत येऊन बघते तर कुऱ्हाड दाराच्या मागे तशीच. मी ती घेऊन पळणार, तोच सर म्हणाले, "असू द्या. विसरलाय. न्यायला येईल."

महिन्याभरानं ते कुऱ्हाड न्यायला आले. दोन दिवस राहिले, वाडीत पोफळीची रोपं लावली, आणि जाताना कुऱ्हाड पुन्हा विसरली. नंतर गणपतीत आले, तेही कुऱ्हाड न्यायलाच. मी दिवेआगरात होते तोवर तिनं खाडी ओलांडली नाही. ती आता कशालाच लागत नव्हती, तरी सर तिला अधूनमधून विहिरीशेजारी नेऊन धार लावत असत. मी चेष्टा केली की म्हणायचे, "माल दुसऱ्याचा आहे, बाई. नीट ठेवायला हवा."

पुढे माझी बदली घराजवळ झाली. सरांची आठवण येते तेव्हा मी फोन करते. गेल्या आठवड्यात असाच केला. म्हटलं, "सर, आवाज अगदी खणखणीत आहे हो तुमचा!"

"कुऱ्हाड कुठाय?"

"नाही, सर. उगीच केला."

मग ते म्हणाले, "बरं वाटलं. उगीच करत जा."

मलाही चेष्टेची लहर आली. मी विचारलं, "आणि तुमची कुठाय?"

"आहे की, दाराच्या मागे," सर म्हणाले. "रविवारी येतोय तो न्यायला."